कोकणातल्या बेटांभोवतीचा जिऑइड: हवाई गुरुत्वमापनाआधीच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

क्षेत्र ठरलं. उत्तरेला खांदेरी-उंदेरी, दक्षिणेला वेंगुर्ला रॉक्स, मध्ये कुलाबा, पद्मदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग. किनाऱ्याची लांबी सरळ रेषेत सुमारे ३२० किमी. मागणी अशी: बेटावर जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान देणारा) रिसीव्हर लावला की त्याच्या उंचीतून जिऑइडची, म्हणजे गुरुत्वाने ठरणाऱ्या समुद्रपातळीच्या पृष्ठाची, उंची वजा करायची आणि मुख्य भूमीवरच्या बेंचमार्कशी (उंची ठाऊक असलेल्या खुणेशी) जुळणारी उंची काही सेंटीमीटरच्या आत मिळवायची. लेव्हलिंगचा स्टाफ (उंची मोजायची पट्टी) समुद्रात उभा करता येत नाही. ओहोटीला पायी गाठता येणारा कुलाबा हा अपवाद.

इथला जिऑइड एलिप्सॉइडच्या, म्हणजे जीएनएसएस ज्यापासून उंची मोजतं त्या गणिती पृथ्वीच्या, खूप खाली आहे. मुंबईजवळ उणे साठ-सत्तर मीटरच्या घरात, आणि दक्षिणेकडे आणखी खोल, कारण श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरातला उणे १०६ मीटरचा खड्डा आहे. उतार दर किलोमीटरला काही सेंटीमीटर. त्यामुळे मालवणच्या जेट्टीवरची जिऑइडची उंची सिंधुदुर्गात तशीच वापरली तर एवढ्याशा अंतरातही सेंटीमीटर निसटतात.

बेटांच्या स्वतःच्या वस्तुमानाची काळजी नको. सिंधुदुर्गाचं क्षेत्र ४८ एकर. सरासरी ५ मीटर उंचीचा, २७०० घनतेचा खडक धरला तर १००० मीटर उंचीवरून त्याचं आकर्षण ०.०२ मिलीगॅलच्याही (गुरुत्वाचं लहान एकक) खाली, आणि जिऑइडवरचा परिणाम मिलीमीटरच्या सातव्या भागाइतका. अडचण बेटाची नाही, बेटाभोवतीच्या पाण्याची आहे. जमिनीवरची गुरुत्वमापनं पुळणीपाशी संपतात आणि उपग्रहांची अल्टिमेट्री (रडारने मोजलेली समुद्रपृष्ठाची उंची) किनाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटरवर सुरू होते. मधल्या पट्टीत काहीच नाही, आणि सगळी बेटं त्याच पट्टीत. म्हणून तिथे विमानातून गुरुत्व मोजायचं.

१४ जून

विमान, यंत्र यांच्या चर्चेआधी एक हिशेब करून ठेवला. पुढचे सगळे निर्णय त्यावर बेततील.

सपाट अंदाजात, बिंदूभोवती त्रिज्या s असलेल्या वर्तुळात गुरुत्व-विसंगती (मोजलेलं गुरुत्व वजा सूत्राने अपेक्षित गुरुत्व) सरसकट Δ ने चुकली तर जिऑइड Δ गुणिले s भागिले g इतका चुकतो. १ मिलीगॅल म्हणजे सेकंदवर्गाला मीटरचा एक लाखावा भाग. १०० किमी त्रिज्येत १ मिलीगॅल सरसकट चूक म्हणजे १० सेमी. आमचा पट्टा ८० किमी रुंद आणि ३२० किमी लांब धरला तर मध्यभागी सुमारे ८ सेमी, लांब कडेच्या मध्यावर सुमारे ६ सेमी.

आता विखुरलेली चूक पाहू. ५ किमीच्या चौकटी, प्रत्येकीत एकमेकींशी संबंध नसलेली २ मिलीगॅल चूक. १०० किमीपर्यंत बेरीज केली, मधली चौकट धरली, तर जिऑइडमध्ये जेमतेम १ सेमी.

म्हणजे २ मिलीगॅलचा गोंगाट (विखुरलेली चूक) परवडतो, १ मिलीगॅलचा कल (सरसकट एकाच बाजूची चूक) परवडत नाही. बहुतेक अहवालांत पहिल्या पानावर गोंगाटाचा आकडा ठळक असतो आणि कलाबद्दल एक ओळ असते. इथे उलटं ठेवायचं.

२१ जून

उड्डाणरेषा. मुख्य रेषा किनाऱ्याला समांतर, दिशा सुमारे १६७ अंश, अंतर ५ किमी, समुद्रात ६० किमीपासून जमिनीवर २० किमीपर्यंत: १७ रेषा, प्रत्येकी ३२० किमी, एकूण ५,४४० किमी. आडव्या रेषा दर ३० किमीला एक अशा ११, प्रत्येकी ८० किमी, एकूण ८८०. आडव्या रेषांची जागा काटेकोर ३० किमीवर न ठेवता जवळच्या बेटावर सरकवली, म्हणजे प्रत्येक मोठ्या बेटावरून निदान एक आडवी आणि एक उभी रेषा जाते.

समांतर का? आडवं उडालं तर प्रत्येक रेषेच्या पूर्व टोकाला डोंगर येतात आणि वैमानिक उंची बदलतो. वर-खाली होण्यात यंत्र स्थिरावायला वेळ जातो आणि तो भाग टाकून द्यावा लागतो, नेमका किनाऱ्याजवळचा.

प्रत्येक टोकाला १० किमी जादा, कारण गोंगाट काढणाऱ्या गाळणीमुळे टोकाचे काही किलोमीटर वाया जातात. २८ रेषांचे ५६० किमी. विजयदुर्गच्या अक्षांशावरच्या दोन आडव्या रेषा पश्चिमेला ६५ किमीने वाढवून आंग्रिया बँकेपर्यंत नेल्या, १३० किमी. हा बुडालेला पठारी भाग विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किमीवर, माथा पाण्याखाली वीसेक मीटर. त्या खुल्या समुद्रात अल्टिमेट्री भरवशाची असते, त्यामुळे हवाई मोजणीची तिथे स्वतंत्र पडताळणी होते. जादा खर्च अर्धा तास. परवडतो.

एकूण ७,०१० किमी. ताशी २५२ किमी म्हणजे सेकंदाला ७० मीटर या वेगाने रेषेवरचे सुमारे २७ तास ५० मिनिटं. जाणं-येणं आणि वळणं धरता एका उड्डाणात रेषेवरचे तीन तासच धरायचे. पाच तासांचा हिशेब करणाऱ्यांनी किनाऱ्यावरची दुपार पाहिलेली नसते. विमान दोन इंजिनांचं; ६० किमी समुद्रात एका इंजिनावर चर्चासुद्धा नको.

२७ जून

उंची. h उंचीवर λ लांबीची लहर e च्या उणे २πh/λ घाताने क्षीण होते. ७ किमीच्या लहरीसाठी:

६०० मीटरवर ०.५८ उरते, १००० मीटरवर ०.४१, ३००० मीटरवर ०.०७.

मोजणी समुद्रपातळीला खाली आणताना त्याच पटीत गोंगाट फुगतो: अनुक्रमे १.७, २.५ आणि जवळपास १५ पट. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय हवाई कार्यक्रम सुमारे २०,००० फुटांवरून, १० किमी अंतराच्या रेषांनी उडाला. खंडाएवढ्या क्षेत्राला ते बरोबर आहे, कारण तिथे उद्देश लांब लहरी दुरुस्त करण्याचा आहे. आम्हाला पंधरा-वीस किलोमीटरच्या रिकाम्या पट्टीत नेमक्या लहान लहरी हव्यात.

६०० मीटर समुद्रावर सोयीचे, पण रायगड जिल्ह्यात किनाऱ्यालगतच चारशेच्या आसपास उंचीचे डोंगर आहेत. दोन वेगळ्या उंच्या ठेवल्या तर सांधा बरोबर किनाऱ्यावर पडतो. सगळा पट्टा १००० मीटरवर. निर्णय पक्का.

५ जुलै

एटव्होश सुधारणेचे (फिरत्या पृथ्वीवर विमान चालल्याने बदलणाऱ्या गुरुत्वाचे) आकडे १७.८ अक्षांशाला, ७० मीटर प्रति सेकंद वेगाला काढून भिंतीवर लावले. सरळ पूर्वेकडे +१,०४९ मिलीगॅल, सरळ पश्चिमेकडे −८९५. समांतर रेषांवर आग्नेयेकडे जाताना +२९६, वायव्येकडे परतताना −१४२. पूर्वेकडच्या उड्डाणात वेग सेकंदाला १ मीटरने चुकला तर १६ मिलीगॅल जातात, १ सेंटीमीटरने चुकला तर ०.१६. जीएनएसएसचा वेग तेवढा चांगला मिळतो, मात्र सायकल स्लिप, म्हणजे उपग्रहाच्या संकेताची मोजणी मध्येच तुटणं, नसेल तर.

खरा शत्रू उभा त्वरण. विमानाच्या हालचालीतून येणारी त्वरणं दहा-दहा हजार मिलीगॅलची, आणि ती वजा करायला जीएनएसएसच्या उंचीचं दोनदा अवकलन. उंचीत १ सेमी आंदोलनाची चूक असेल तर त्वरणातली चूक आवर्तकाळावर ठरते: ६० सेकंदांना ११ मिलीगॅल, १०० सेकंदांना ३.९, २०० सेकंदांना १.०. म्हणून गाळणी १०० सेकंदांची. ७० मीटर वेगाने ती ७ किमीची पूर्ण लहर, म्हणजे ३.५ किमी विभेदन. ५ किमीच्या रेषांशी सुसंगत. गाळणी छोटी करून नकाशा सुंदर दिसतो खरा, पण ती नक्षी जीएनएसएसची असते.

गाळणी पुढून-मागून दोन्ही बाजूंनी चालवायची. एकाच बाजूने चालवली तर संकेत मागे सरकतो, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या रेषांत तो विरुद्ध दिशांना सरकल्याने खोटे छेदफरक (दोन रेषा छेदतात तिथल्या मोजमापांतले फरक) उगवतात.

१२ जुलै

यंत्र स्ट्रॅपडाउन पद्धतीचं, म्हणजे स्थिर मंचाऐवजी सरळ विमानाच्या चौकटीला बांधलेलं. फायदा: वळणानंतर स्थिरावायला वेळ लागत नाही. तोटा: क्वार्ट्झ त्वरणमापकांचा तापमानासोबतचा सरकाव, जो नेमका लांब लहरीत म्हणजे कलात उतरतो. उपाय दोन. तापमान राखणारी पेटी, आणि वीज कधीच न तोडणं. रात्रभर ऍप्रनवर (विमानतळावरच्या विमान उभं करायच्या फरशीवर) बाहेरची वीज हवी. विमानाच्या बॅटरीवर चालवून सकाळी इंजिन सुरू करताना दाब पडला तर यंत्र पुन्हा थंड सुरुवात करतं आणि तासन्‌तास सरकत राहतं. ऑक्टोबरच्या उन्हात बंद केबिन चाळिशीपार जातं, म्हणून खिडक्यांना परावर्तक पडदे आणि उड्डाणाआधी केबिनचं तापमान कागदावर.

अँटेना ते यंत्र हे अंतर टोटल स्टेशनने, विमान जॅकवर समतल करून. अँटेना १.५ मीटर पुढे असेल आणि विमानाचं नाक १ अंशाने १२० सेकंदांच्या आवर्तनात वर-खाली होत असेल तर अँटेनाला ७ मिलीगॅलचं जादा त्वरण दिसतं. अंतर २ सेमीच्या आत माहीत असलं तर त्यातला ०.१ मिलीगॅल उरतो. टेपने मोजलेलं अंतर चालणार नाही.

१९ जुलै

ऍप्रनवरचा गुरुत्व-सांधा. कलाचा सगळ्यात स्वस्त उगम इथे आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच.

निरपेक्ष मूल्य असलेल्या ठिकाणापासून सापेक्ष गुरुत्वमापकाने ऍप्रनपर्यंत आणि परत, निदान तीन फेऱ्या, एकाच दिवसात. उभ्या करायच्या जागेवर रंगाने खूण, विमानाचं नाक रोज त्याच दिशेला. यंत्राचा केंद्रबिंदू ऍप्रनपासून किती वर आहे ते मोजायचं: दर मीटरला ०.३०८६ मिलीगॅल, म्हणजे १.५ मीटर विसरलं तर ०.४६. १४ जूनच्या हिशेबाने ते बेटावर तीन-साडेतीन सेंटीमीटर.

प्रत्येक उड्डाणाआधी आणि नंतर इंजिन बंद ठेवून २० मिनिटं स्थिर नोंद. दोन्हींतला फरक म्हणजे सरकाव, आणि तो सरळ रेषेत वाटायचा. इंधन भरताना, सामान चढवताना घेतलेली नोंद रद्द.

२९ जुलै

जुनी जमिनीवरची मापनं एका तक्त्यात आणायला सगळा आठवडा गेला. काही स्थानकं जुन्या पॉट्सडॅम गुरुत्व-संदर्भात आणि १९३० च्या आंतरराष्ट्रीय सूत्राने काढलेल्या विसंगतींसह, काही १९७१ च्या जागतिक जाळ्यात आणि जीआरएस-८० या नव्या सूत्रावर.

आकडे असे. संदर्भ बदलला की मोजलेलं गुरुत्व सुमारे १४ मिलीगॅलने कमी होतं. सूत्र बदललं की १७.८ अक्षांशावरचं सामान्य गुरुत्व ९,७८,५३०.४ वरून ९,७८,५१५.४ वर येतं, १५.० ने कमी. दोन्ही बदलले तर विसंगतीतला निव्वळ फरक जेमतेम +१. एकच बदलला तर चौदा-पंधरा मिलीगॅल, आणि १० किमीच्या तुकड्यातही ते १४-१५ सेमी. गंमत अशी की दोन्ही न बदललेला तक्ता जवळपास बरोबर दिसतो. अर्धवट सुधारलेलाच घात करतो. म्हणून कुठल्याही स्थानकाची विसंगती जशीच्या तशी घ्यायची नाही. मोजलेलं गुरुत्व, उंची आणि स्थान यांवरून नव्याने काढायची, आणि मूळ गुरुत्व उपलब्ध नसेल तर स्थानक वगळायचं.

उंचीचाही प्रश्न. समोच्चरेषांवरून अंदाजाने घेतलेली उंची १० मीटरने चुकली तर ३ मिलीगॅल. घाटमाथ्याकडच्या अशा स्थानकांना वजन कमी.

मुंबईभोवतीच्या गुरुत्व-उच्चांकाला हात लावायचा नाही, हे पुन्हा लिहून ठेवतो. तो खालच्या जड खडकांमुळे आहे; बाहेरची मूल्यं म्हणून चाळणीने उडवायचा मोह होतो.

६ ऑगस्ट

भारताभोवती काम करणाऱ्याला इतरांपेक्षा जास्त भोवणारी गोष्ट. विमानाची उंची जीएनएसएसने मिळते, म्हणजे एलिप्सॉइडवरची. ती वापरून सामान्य गुरुत्व वजा केलं की मिळतो तो गुरुत्व-विक्षोभ, विसंगती नव्हे. दोहोंत ०.३०८६ गुणिले जिऑइडची उंची एवढा फरक. युरोपात ४०-५० मीटर, तिथेही तो मोठाच. पण इथे उणे ७० ला तो २१.६ मिलीगॅल, आणि उत्तर-दक्षिण जिऑइड बदलतो तसा तोही बदलतो, दर १० मीटरला ३.१. एका सरसकट आकड्याने तो काढून टाकता येत नाही.

मार्ग दोन: जागतिक मॉडेलमधून जिऑइड घेऊन विसंगतीत बदलायचं आणि विसंगतीतून जिऑइड काढणारं स्टोक्सचं सूत्र वापरायचं, किंवा विक्षोभच ठेवून होटिनचा गाभा (त्याच कामाचं वजन-सूत्र) वापरायचा. जमिनीवरची जुनी माहिती विसंगतीच्या भाषेत असल्याने पहिला मार्ग. फाइलच्या शीर्षओळीत 'विक्षोभ' किंवा 'विसंगती' हा शब्द सक्तीचा केला. नुसतं 'डेल्टा जी' लिहिलेली फाइल परत पाठवायची.

वातावरणाची सुधारणा: समुद्रपातळीला ०.८७ मिलीगॅल, १००० मीटरवर ०.७८. लहान वाटते, पण ती सगळीकडे एकाच चिन्हाची, म्हणजे निव्वळ कल.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. होड्या पाण्यात उतरल्या, पण किल्ल्यांकडची वाहतूक अजून सुरळीत नाही. बेटांवरचं काम ऑक्टोबरातच.

२७ ऑगस्ट

भूरूपाचा परिणाम. ग्रॅव्हसॉफ्ट या जिऑइड-गणिताच्या संचातल्या टीसी प्रोग्रॅमने अवशिष्ट भूरूपाची पद्धत: जमिनीचं मॉडेल, समुद्रतळाचं मॉडेल, दोघांची एक जाळी, गुळगुळीत संदर्भपृष्ठ.

समुद्रतळ: खडक आणि समुद्राचं पाणी यांच्या घनतेतला फरक १,६४० किलो प्रति घनमीटर धरला तर खोलीतल्या १ मीटर चुकीला ०.०७ मिलीगॅल. नौकानयनाच्या नकाशांवरची खोली चार्ट डेटमपासून (नीचतम ओहोटीच्या जवळच्या पातळीपासून) असते, सरासरी समुद्रपातळीपासून नाही. मुंबईत दोहोंत सुमारे अडीच मीटर, म्हणजे ०.१७ मिलीगॅल. दक्षिणेकडे भरती-ओहोटीचं अंतर कमी होत जातं, त्यामुळे ही सुधारणा एका आकड्याने होत नाही. खाड्यांच्या मुखांशी जाळीत जमीन आणि पाणी यांची शिवण नीट बसत नाही. खाजण आणि कांदळवन उपग्रहांच्या मॉडेलमध्ये जमिनीसारखं आणि झाडांच्या शेंड्याएवढं उंच दिसतं. दाभोळ, जयगड, कर्ली या मुखांवर हाताने सीमा आखली.

घनता: प्रमाणित २,६७० इथे नीट बसत नाही. रत्नागिरीच्या उत्तरेला बेसाल्ट, साधारण २,९००. २०० मीटरच्या पठारावर हा फरक १.९ मिलीगॅलचा. सड्यांवर जांभ्याचा थर, तो हलका: घनता ४७० ने कमी धरली तर ३० मीटर जांभ्याला −०.६. मालवण-वेंगुर्ल्याकडे बेसाल्ट संपून जुने खडक लागतात. जी घनता काढताना वापरली तीच परत घालताना वापरली तर चूक बरीचशी आपोआप कटते, म्हणून मुख्य गणितात २,६७० च ठेवली. खडकांचा नकाशा लावून दुसरी धाव फक्त हे पाहायला, की अवशिष्ट क्षेत्र कुठे जास्त गुळगुळीत होतं. घनतेवर महिनाभर वाद घालण्याइतकं त्यात काही नाही.

८ सप्टेंबर

गणपती. कार्यालय बंद, गणनयंत्र चालू.

१६ सप्टेंबर

अल्टिमेट्री. किनाऱ्याजवळ रडारच्या पावलाखाली जमीन आली की परावर्तनाचा आकार बिघडतो, भरतीची मॉडेलं उथळ पाण्यात कमी पडतात आणि बेटं त्यात भर घालतात. २०१३ मध्ये सोडलेल्या सरल उपग्रहावरच्या अल्टिकाचं पाऊल लहान, म्हणून तो किनाऱ्याच्या बराच जवळ चालतो, तरी शेवटचे काही किलोमीटर त्याच्याही हाती नाहीत.

धोका वेगळाच: तयार जागतिक गुरुत्व-जाळीत किनाऱ्यापर्यंत आकडे असतात, भोक कुठेच नसतं. ते आकडे अंतर्वेशनाचे. नियम ठरवला: किनाऱ्यापासून १० किमीच्या आतली अल्टिमेट्री बाद, १० ते २० मध्ये ५ मिलीगॅलची अनिश्चितता, त्यापुढे ३. हवाई माहितीला २. आणि लांब समुद्रात हवाई रेषा व अल्टिमेट्री यांची सरासरी तफावत आधी पाहायची. ती १ मिलीगॅलहून जास्त असेल तर दोन्ही एकत्र करण्याआधी कारण शोधायचं.

२५ सप्टेंबर

पूर्ण साखळीची कृत्रिम चाचणी. ईजीएम २००८ या जागतिक गुरुत्व-मॉडेलच्या सगळ्या घातांपर्यंतच्या (घात जितका वरचा तितकी लहर लहान) क्षेत्राला 'सत्य' मानलं, नियोजित रेषांवर १००० मीटरला त्याची मूल्यं काढली, गोंगाट मिसळला, १०० सेकंदांची गाळणी लावली आणि मग २०० घातांपर्यंतच्या उपग्रह-मॉडेलपासून सुरुवात करून परत जिऑइड काढला.

खाली आणण्यासाठी कमीत कमी वर्गांची कोलोकेशन पद्धत, समतल लॉगरिदमिक सहप्रसरणासह, जीपीकॉल प्रोग्रॅमने. विमान दाबाच्या उंचीवर उडतं, भौमितिक उंचीवर नाही. एका रेषेत ती काही दहा मीटरने सरकते, म्हणून प्रत्येक बिंदूला त्याची स्वतःची उंची दिली. सगळ्यांना १००० देणं सोपं, पण चूक.

दुसऱ्या धावेत सगळ्या रेषांत जाणूनबुजून +१ मिलीगॅल कल घातला. १८७ छेदबिंदूंवर फरक: काहीच नाही. अर्थात, दोन्ही रेषांत तोच कल असल्यावर वजाबाकीत तो उरणारच नाही. छेदबिंदूंचा सुंदर आकडा बघून कुणी समाधान मानू नये म्हणून हा आलेख प्रकल्पाच्या फोल्डरात सगळ्यात वर ठेवला. छेदफरकाचा वर्गमध्य भागिले √२ म्हणजे एका रेषेचा गोंगाट, त्याहून जास्त काही नाही.

तिसरी धाव: प्रत्येक रेषेला स्वतंत्र कल देऊन छेदफरकांवरून समायोजन. फरक घटले, जिऑइड सुधारला नाही. रेषांचे कल मोकळे सोडले की समायोजन त्यांना पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच तिरकं करू शकतं. ठरलं: समायोजन नाही. एखादी रेषा खरंच बिघडली असेल तर कारण शोधायचं किंवा पुन्हा उडायचं.

४ ऑक्टोबर

स्टोक्स. एसपीफोर प्रोग्रॅमने गोलीय फूरिये पद्धत, १ मिनिटाची जाळी, चारही बाजूंना शंभर टक्के शून्यांची किनार. किनार न देता चालवलं तर पूर्वेच्या सह्याद्रीचा परिणाम गोल फिरून पश्चिमेच्या समुद्रात उगवतो.

गाभा वाँग-गोर पद्धतीने बदललेला: कमी घात मॉडेलकडून, वरचे स्थानिक माहितीतून, मध्ये हळूहळू उतार. हा उतार १५० ते २०० मध्ये ठेवला. याहून खाली आणला तर हवाई मोजणीचा कल बेटांपर्यंत पोचतो. वर नेला तर मॉडेलच्या चुका ज्या घातांत सुरू होतात तिथे स्थानिक माहिती गप्प बसते. गोसे उपग्रह (२००९ ते २०१३) नसता तर हा पर्यायच नव्हता. १०० किमीपर्यंतची लांबी आता आकाशातून मिळते, म्हणून कलाला अटकाव करता येतो. तरी तो पूर्ण जात नाही.

पट्ट्याबाहेर माहिती: पश्चिमेला अल्टिमेट्री, पूर्वेला जमिनीची स्थानकं घाटमाथ्यापलीकडे ५० किमीपर्यंत. घाटाच्या कड्यापाशी जाळी कापली तर पूर्व कडेची सगळी चूक बेटांकडे झिरपते, कारण बेटं पट्ट्याच्या पूर्व कडेपासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर.

११ ऑक्टोबर

शेवटचे सेंटीमीटर. यांचा गुरुत्वाशी संबंध नाही, म्हणून ते राहून जातात.

भरती-व्यवस्था, म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढीचा कायमचा परिणाम कसा धरला: मॉडेल 'भरतीमुक्त' की 'शून्य-भरती' हे फाइलच्या शीर्षात असतं, कुणी वाचत नाही. १७.८ अक्षांशाला जिऑइडमध्ये फरक २.१ सेमी; शून्य-भरतीवर चंद्र-सूर्याचा थेट सरासरी भागही धरला तर आणखी ७.१. मुंबई ते मालवण त्यात जवळपास १ सेमीचा उतारही.

शून्याव्या घाताचं पद (सगळीकडे सारखा स्थिरांक): ईजीएम २००८ मध्ये −४१ सेमी. काही प्रोग्रॅम आपोआप घालतात, काही नाही, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन जाळ्यांत ४१ सेमी तफावत दिसली की आधी इथे पाहायचं. जिऑइड ठरवणारं संदर्भ-विभव २०१५ च्या आंतरराष्ट्रीय ठरावातलं ६,२६,३६,८५३.४ घेतलं, आधीचं ८५६.० वापरलं तर २६.६ सेमीचा फरक.

भारतीय उभा संदर्भ १९०९ च्या समायोजनाचा. त्यात मुंबई आणि कारवारसह नऊ बंदरांची सरासरी समुद्रपातळी शून्य धरलेली. प्रत्यक्षात समुद्राचं सरासरी पृष्ठ जिऑइडला समांतर नसतं, त्यामुळे दोन बंदरांमधला खरा फरक लेव्हलिंगच्या जाळ्यात ताणून बसवलेला आहे. बेंचमार्कवरची जीएनएसएस उंची वजा लेव्हलिंगची उंची यांच्याशी आमचा जिऑइड ताडताना आधी फक्त एक स्थिरांक, मग उत्तर-दक्षिण उतार, बस्स. वक्र पृष्ठ बसवून मिलिमीटर मिळवता येतात, पण मग बेंचमार्कच्या चुका जिऑइडमध्ये शिरतात, आणि बेटावर तर ताडायला बेंचमार्कच नाही.

१८ ऑक्टोबर

बेटांवरच्या कामाची आखणी. क्रम: सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी. वेंगुर्ला रॉक्सवर उतरायला शांत पाणी लागतं, तो दिवस ठरवता येत नाही.

जीएनएसएस २४ तासांचे दोन टप्पे, अँटेना कातळात ठोकलेल्या खिळ्यावर. तटबंदीवर नको, तिथे पर्यटक असतात. सापेक्ष गुरुत्वमापकही कुरटे या सिंधुदुर्गाच्या बेटाच्या मूळ खडकावर. लाटा आपटत असताना सूक्ष्म कंपनांनी वाचन उड्या मारतं, म्हणून ओहोटीला, दीर्घ सरासरीने, आणि फेरी त्याच दिवशी जेट्टीवर बंद करायची. भरतीच्या पाण्याचं थेट आकर्षण ३ मीटर पाण्याला जास्तीत जास्त ०.१३ मिलीगॅल.

मालवणला तात्पुरता भरतीमापक, निदान २९ दिवस, म्हणजे दोन उधाणं आणि दोन भांग सापडतात. दाबमापक वापरणार असाल तर दोन सुधारणा: हवेचा दाब, १ हेक्टोपास्कलला १ सेमी, आणि पाण्याची घनता. पावसाचं गोडं पाणी खाडीतून आलं आणि घनता १,०२५ वरून १,००५ वर आली, तर ४ मीटर खोलीवरचा मापक ८ सेमी चुकतो. म्हणून शेजारी साधी पट्टी आणि दिवसातून चार वेळा डोळ्यांनी वाचन. महिन्याभराच्या सरासरीला वर्षाची सरासरी म्हणायचं नाही. मुंबईच्या अपोलो बंदरची १८७८ पासूनची नोंद आहे, त्याच महिन्याची तिथली पातळी दीर्घ सरासरीपासून किती हलली ते पाहून सुधारणा करायची.

२६ ऑक्टोबर

उड्डाणांचा क्रम. परवानग्या हाती आल्यावर पहिल्या दिवशी एकच काम: सिंधुदुर्गावरची आडवी रेषा पश्चिमेकडे आणि लगेच तीच पूर्वेकडे. एटव्होशची दोन टोकं, जवळपास १,९४४ मिलीगॅलचा फरक, सुधारून झाल्यावर दोन्ही वक्र एकमेकांवर बसले पाहिजेत. सरासरीत फरक राहिला तर वेग किंवा बसवणीचा कोन, वक्र बाजूला सरकला तर वेळेचा शिक्का. हे जुळेपर्यंत दुसरी रेषा उडायची नाही.

वेळ पहाटे सहा ते साडेदहा. त्या वेळात मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, ओसरत असते आणि समुद्रावरचा खारा वारा सुटलेला नसतो. यंदा सूर्य कमाल सक्रियतेजवळ, आणि आपण विषुववृत्तीय आयनांबराच्या प्रभावाखाली. सूर्यास्तानंतर जीएनएसएस संकेत लुकलुकतात आणि सायकल स्लिप वाढतात. संध्याकाळी उडून दिवस वाचवायचा प्रस्ताव त्यामुळे नामंजूर.

जमिनीवर दोन संदर्भस्थानकं, एक विमानतळावर, एक पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही सेकंदाला किमान दोन नोंदींवर. प्रत्येक उड्डाणानंतर त्याच दिवशी: स्थिर नोंदींतला फरक ०.५ मिलीगॅलच्या आत आहे का, उंचीच्या मार्गात उड्या आहेत का, छेदफरक किती. आठवड्याने मिळालेल्या उत्तरावर रेषा पुन्हा उडता येत नाही, तोवर विमान परत गेलेलं असतं.

किनाऱ्यापासून पहिल्या २० किमीतल्या चार रेषा क्रमात सगळ्यात आधी घेतल्या आहेत. हवामान किंवा पैसा मध्येच संपला तर बाहेरच्या रेषांची जागा अल्टिमेट्री कशीबशी भरते. या चारांची जागा कुणीच भरत नाही.